चिनी गुलाब : ऊन फार, पाणी थोडे



गेल्या पंधरवड्यात मराठवाड्यातील एका खेड्यातून पत्र आले. लिहिणारी नुकतीच लग्न होऊन सासरी आलेली. अक्षर वळणदार, पण मन दुखावलेले. ती लिहिते, ‘ताई, माहेरी आमच्या ओट्याच्या कडेला चिनी गुलाबाचा नुसता गालिचा असतो. मी तीन वेळा तिथून फांद्या आणून लावल्या. तिन्ही वेळा पंधरा दिवसांत देठ बुडाशी काळे पडून मऊ झाले आणि झाड बसले. आंघोळीच्या पाण्यातले पाणी वाचवून मी सकाळ-संध्याकाळ घालत होते. आता सासूबाई म्हणतात, तुझ्या हाताला झाड लागत नाही. हे खरे असते का हो?’

मुली, हे खरे नसते. झाड हाताला लागत नाही असा हात देवाने कोणालाच दिलेला नाही. तुझा हात उलट फार सढळ आहे, आणि नेमके तेच ह्या झाडाला सोसले नाही. देठ बुडाशी काळे पडून मऊ झाले, असे तू लिहिलेस ना? तहानेने गेलेले झाड असे जात नाही. ते वाळते, त्याच्या काड्या होतात. बुडाशी काळे पडून सडलेले झाड पाण्याने गेलेले असते. अति तेथे माती म्हणतात, ते इथे अक्षरशः खरे झाले.

हे दुःख एकटीचे नाही. पुष्कळ घरी हे झाड असेच मायेने मरते. म्हणून आज चिनी गुलाबाविषयीच बोलू.

नाव चिनी गुलाब असले तरी हे झाड चीनचे नव्हे आणि गुलाबाशीही त्याचे नाते नाही. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत, ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना ह्या भागात. हूकर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२९ साली त्याला शास्त्रीय नाव दिले, आणि पुढे ते जगभरच्या अंगणांत पोचले. आपल्याकडे काही जण त्याला ‘ऑफिस टाइम’ म्हणतात, कारण ऊन चढले, कचेऱ्या उघडायची वेळ झाली, की ही फुले उमलतात. तिकडे व्हिएतनाममध्येही लोक ह्याला दहा वाजताचे फूलच म्हणतात. माणसे कुठलीही असोत, घड्याळ एकच!

चीनशी नाही, तरी आपल्या रानातल्या एका ओळखीच्या भाजीशी मात्र ह्याचे सख्खे नाते आहे. ती म्हणजे घोळ. दोघींची पाने मांसल, देठ रसदार, पसरण्याची रीतही सारखी. उन्हाळ्यात आपण खातो ती चिवळ हीदेखील ह्याच कुळातली. आता आठवून पाहा. खुरपणीत उपटलेली घोळ आपण बांधावर फेकतो. बाकीचे तण दुपारपर्यंत सुकून जाते, पण घोळ मात्र तशीच हिरवी राहते, आणि मध्येच पाऊस झाला तर पुन्हा मूळ धरते. का? तिने आपल्या देठा-पानांत पाणी साठवून ठेवलेले असते. चिनी गुलाबाचेही तेच. तो आपली घागर अंगातच घेऊन जन्माला येतो.

आणखी एक गंमत. झाडाच्या पानांना बारीक छिद्रे असतात. हवा आत घ्यायची तर ती उघडावी लागतात, आणि उघडली की आतले पाणी वाफेने उडते. बहुतेक पिके दिवसा ही दारे उघडतात. चिनी गुलाब मात्र पाणी कमी पडले की दिवसा दारे मिटून धरतो आणि हवेशी काही व्यवहार रात्रीच्या गारव्यात करतो. निवडुंगाची रीतही अशीच रात्रीची आहे. अशा झाडाला सकाळ-संध्याकाळ पाणी घालणे म्हणजे पोट भरलेल्या पाहुण्याला आग्रहाने वाढत राहणे.

आता लावायचे कसे ते सांगते.

जागा. दिवसातून निदान सहा तास थेट ऊन पडेल अशी जागा हवी. सावलीत हे झाड जगते, पण काड्या लांबतात आणि फूल येत नाही. ढगाळ दिवशी तर उन्हातल्या झाडाचीही फुले नीट उमलत नाहीत. ओट्याची कड, दगडी गडग्याच्या फटी, विहिरीच्या कठड्याचा माथा, जिथे दुसरे काही धड येत नाही, तिथे हा सुखाने राहतो. फटींत मूठमूठ मुरूम-माती दाबून भरावी आणि तीत फांदी खोचावी. महिना-दीड महिन्यात दगड झाकू लागतो.

माती. मराठवाड्यातली काळी कसदार माती कपाशीला चांगली, ह्याला वाईट. ती पाणी धरून ठेवते. एक घमेले माती, एक घमेले बारीक मुरूम किंवा जाड वाळू आणि पाव घमेले चांगले कुजलेले शेणखत, एवढे मिश्रण करावे. शेणखत ह्याहून जास्त नको, आणि युरिया तर मुळीच नको. त्याने पाला माजतो, फूल रुसते. डब्यात किंवा फुटक्या माठात लावायचे असेल तर बुडाला भोक हवेच. भोकावर खापराचा तुकडा उपडा ठेवावा, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणीही साचत नाही.

फांदी. चार बोटे लांबीचा, फूल किंवा कळी नसलेला शेंडा खुडावा. खालची पाने काढून टाकावीत. आणि आता महत्त्वाचे. ही फांदी लगेच लावू नये. एक दिवस घरात सावलीला ठेवावी. खुडलेली जखम त्यात वाळते. ओली जखम ओल्या मातीत गेली की कुज तिथूनच शिरते. दुसऱ्या दिवशी दोन बोटे खोल खोचावी, भोवतालची माती दाबावी आणि नुसती ओल धरेल एवढे पाणी शिंपडावे. दोन-तीन दिवस दुपारचे ऊन लागू देऊ नये, मग उघड्यावर ठेवावी. आठ ते पंधरा दिवसांत मूळ धरते. थंडी सरल्यावर, फेब्रुवारीपासून, हे काम करावे. पावसाळा ओसरल्यावरही फांद्या लागतात.

बी. एकेरी पाकळ्यांच्या झाडाला बी सहज धरते. बोंड पिकले की वरची टोपी सुटते आणि आत बारीक करडे बी दिसते. ते चिमूटभर वाळूत मिसळून मातीवर भुरभुरावे. वर माती टाकून पुरू नये, ह्या बियाला उजेड लागतो. हलके पाणी शिंपडून ओल राखली की आठवड्या-दोन आठवड्यांत रुजते. दुहेरी, गुलाबासारख्या भरगच्च फुलाची जात मात्र फांदीनेच ठेवावी, कारण तिला बी कमी येते आणि त्यातून तेच फूल मिळेल याचा भरवसा नसतो.

पाणी. मूळ धरल्यावर बोटाने माती पाहावी. बोटाच्या एका पेरापर्यंत कोरडी लागली तरच पाणी घालावे. भर उन्हाळ्यात डब्यातल्या झाडाला तीन-चार दिवसांतून एक तांब्या पुरतो. गडग्यावरच्या जुन्या झाडाला आठवड्याने दिले तरी ते तग धरते. पाने जरा सुरकुतली तर घाबरू नये, ते झाडाचे मागणे आहे, मरणे नव्हे. पाणी दिले की ती पुन्हा टरारतात. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी चालते. साबणाचे, सोड्याचे पाणी मात्र घालू नये.

आता एक चूक सांगते, ती घरोघरी होते. तुळशीवृंदावनाची माती मोकळी दिसते म्हणून तिथेच चार फांद्या खोचतात. तुळशीला रोज सकाळी पूजेचा तांब्या मिळतो, आणि तिला तो मानवतो. चिनी गुलाब त्याच तांब्याने सडतो. मग त्याला वाचवायला पाणी कमी केले तर तुळस सुकते. दोघींची तहान वेगळी, तेव्हा चूलही वेगळी असावी. वृंदावनाच्या बाहेर, चौथऱ्याच्या फटीत लावावे, म्हणजे शोभाही होते आणि भांडणही मिटते.

एक फूल एकच दिवस टिकते. दुपार कलली की ते मिटते आणि पुन्हा उमलत नाही. म्हणून त्याचा गजरा होत नाही. पण शेंडे खुडत राहिले तर झाडाला नवे फाटे फुटतात आणि रोज नवी फुले येतात. झाड लांबोडके, बुडाशी उघडे झाले की अर्धे छाटून टाकावे. छाटलेल्या शेंड्यांची नवी झाडे होतात, त्यामुळे काहीच वाया जात नाही. उमललेल्या एकेरी फुलात मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका असतो. मुलांना गवताच्या काडीने तो एका बाजूने हळूच शिवायला सांगा. केसर हलून काडीकडे झुकतात. एरवी ते स्पर्श करतात मधमाश्या, आणि त्यांच्या अंगाला पराग लागावा म्हणून झाडाने ही युक्ती केलेली असते.

पावसाळा हा ह्या झाडाचा कठीण काळ. संततधार लागण्याआधी चार-पाच शेंडे खुडून एका लहान डब्यात लावावे आणि तो वळचणीला, पण पागोळ्यांखाली येणार नाही असा ठेवावा. बाहेरचे झाड सडले तरी वाण घरात राहते. त्या दिवसांत गोगलगाई रात्री पाने कुरतडतात, त्या सकाळी वेचून काढाव्यात. उन्हाळ्यात देठांच्या बेचक्यांत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. जुन्या कापडाच्या ओल्या चिंधीने पुसून काढावा आणि फार लागलेली फांदी खुडून जाळावी. कोंबड्यांनी उकरू नये म्हणून भोवती दगड मांडावेत, आणि शेळीच्या तोंडी येणार नाही असे ठेवावे. घोळीचे भावंड असले तरी ही भाजी नव्हे, स्वयंपाकात घेऊ नये.

आता पुन्हा त्या पत्राकडे येते. मुली, सासूबाईंचा राग धरू नकोस. १९७२ चा दुष्काळ त्यांच्या आधीच्या बायकांनी खडी फोडून काढला. आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले, ते तर त्यांनी स्वतःच पाहिले असेल. जिने उन्हात रांगेत उभे राहून हंडा भरला, तिला फुलझाडाला दोन वेळा ओतलेले पाणी डोळ्यांत खुपणारच. त्या झाडावर नाही, पाण्यावर रागावल्या असतील. तेव्हा ह्या खेपेला फांदी आणलीस की त्यांना जवळ बोलाव. फांदी एक दिवस वाळू दे, मुरूम त्यांनाच चाळायला सांग, आणि पाण्याचा तांब्याही त्यांच्याच हाती दे. तीन-चार दिवसांतून एक तांब्या, ह्याहून जास्त नको म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघ!

तीन वेळा सडलेली फांदी चौथ्यांदा आणण्याची हिंमत तुझ्यात आहे, म्हणजे हात चांगलाच आहे. वैशाखात दगड तापून उभा गाव करडा होतो, तेव्हा तुमच्या ओट्याच्या कडेला लाल, पिवळी, गुलाबी फुले उमलोत. शेजारणी फांदी मागायला येतील. द्या. पण देताना सांगा, ऊन फार, पाणी थोडे.

फुले आली की कळव. पत्राची वाट पाहते.