प्रायश्चित्ताविना शिक्षा

चुकीला शिक्षा असावी याविषयी दुमत नाही. वाद आहे तो, ती शिक्षा कधी संपावी की नाही, याविषयी. न्यायालय शिक्षा सुनावते तेव्हा तिची मुदतही सांगते. समाजमाध्यमांवरील जमाव शिक्षा ठोठावतो, पण मुदत सांगत नाही. सतराव्या वर्षी लिहिलेले अविचारी वाक्य सत्ताविसाव्या वर्षी नोकरीच्या आड येते आणि चाळिसाव्या वर्षी पुन्हा उकरले जाते. मधल्या काळात तो माणूस बदलला काय, याची चौकशी कोणी करीत नाही.

आज हे काहींच्या वाट्याला येते. उद्या ते सर्वांच्याच वाट्याला येईल. कारण ज्या पिढीचे बालपणच छायाचित्रांसह नोंदले गेले, ती आता वयात येत आहे. भूतकाळापासून सुटका व्हावी म्हणून तरुणांना उद्या नाव बदलण्याची मुभा द्यावी लागेल, असे गूगलचे तत्कालीन प्रमुख एरिक श्मिट यांनी २०१० साली म्हटले होते. ज्यांनी ही स्मरणयंत्रे उभारली, त्यांच्याच मुखातून हे उद्गार यावेत!

युरोपने निदान प्रश्न ओळखला. १९९८ साली एका स्पॅनिश वृत्तपत्रात एका नागरिकाच्या थकबाकीपोटी झालेल्या लिलावाची सूचना छापली गेली. प्रकरण केव्हाच मिटले. तरी नाव शोधताच तीच सूचना समोर येई. १३ मे २०१४ रोजी युरोपीय न्यायालयाने असे दुवे शोधयंत्रातून काढण्याचा हक्क मान्य केला. भारतात २०१५ चा बालन्याय कायदा, काही गंभीर अपवाद वगळता, अल्पवयीनांच्या दोषसिद्धीच्या नोंदी कालांतराने नष्ट करण्यास सांगतो. याउलट २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला लागूच होत नाही. म्हणजे गुन्हा करणाऱ्या मुलाला कायदा नवी पाटी देतो. मूर्खपणाचे वाक्य लिहिणाऱ्या मुलाला मात्र देत नाही. हा कोणता न्याय?

याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन अध्याय आहेत: आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. नियम आणि खटला यांच्या बरोबरीने परतीची वाटही शास्त्रकारांनी आखून दिली. आज आपण विवाहविच्छेदासाठी वापरतो तो ‘घटस्फोट’ हा शब्द मुळात पतिताच्या बहिष्कारविधीचा. पण त्याच स्मृतीत पुढचा विधीही आहे. प्रायश्चित्त करून परतलेल्यासाठी आप्तांनी नवा घट आणावा, त्याची निंदा करू नये, त्याच्याशी सर्व व्यवहार पूर्ववत ठेवावेत. त्या व्यवस्थेत वर्णपरत्वे विषमता होती, बहिष्काराने अनेकांवर घोर अन्याय झाला. त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. मात्र आजच्या व्यवस्थेने घट फोडण्याचा विधी तेवढा उचलला आणि नवा घट आणण्याचा टाकून दिला.

छत्रपती शिवाजी महाराजांनी हे तत्त्व राजकारणात आचरून दाखविले. सरनोबत राहिलेले नेताजी पालकर १६६६ साली शत्रूकडे गेले, पुढे धर्मांतरित होऊन मोगलांच्या चाकरीत राहिले. याहून मोठी सार्वजनिक चूक कोणती? तरीही १६७६ साली ते परतले तेव्हा महाराजांनी त्यांना शुद्ध करून स्वकीयांत घेतले.

मग गुन्हेगारांनाही विसरायचे काय, असा आक्षेप येईल. मुळीच नाही. ठेवीदारांना बुडविणाऱ्याची किंवा स्त्रियांवर अत्याचार करणाऱ्याची नोंद राहिलीच पाहिजे. सत्ता मागणाऱ्याचा पूर्वेतिहास जाणण्याचा मतदारांना हक्कच आहे. क्षमा म्हणजे विस्मरण नव्हे. चूक कबूल करून वागणूक सुधारणाऱ्याला पुन्हा त्याच चुकीची शिक्षा न देणे, एवढाच तिचा अर्थ.

येथे प्रत्येक कार्यकर्त्यानेही आत्मपरीक्षण करावे. विरोधकाचे दहा वर्षांपूर्वीचे वाक्य सापडले की होणारा आनंद कोणत्याही एका पक्षाची मक्तेदारी नाही. त्याने त्या वाक्याबद्दल खेद व्यक्त केला असेल, तर ते पुन्हा पसरविणे हा पुरुषार्थ नव्हे. हेच शस्त्र उद्या आपल्या घरातील महाविद्यालयीन मुलामुलींवर उगारले जाईल. तेव्हा कायद्यात अल्पवयातील लिखाण पुसण्याचा हक्क मागावा, नोकरी देणाऱ्यांनी उमेदवाराच्या पोरवयातील मजकुराला किती महत्त्व द्यावे याची मर्यादा ठरवावी, आणि घराघरांत मुलांना चूक कबूल करायला शिकवताना, कबुलीनंतर तो विषय संपविण्याची सवय मोठ्यांनी स्वतःला लावून घ्यावी. कबुली देऊनही सुटका नसेल, तर कबुली देणार तरी कोण?