कुंडीतील शेफ्लेरा आणि रोपवाटिकेची पत

कुंडीत शोभेचे झाड लावणे ही शहरवासीयांची हौस आहे, तिचा शेतकऱ्याशी संबंध काय, असा समज खेड्यापाड्यांत अद्याप आढळतो. तो आता सोडावयास हवा. पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन, सोरतापवाडी या परिसरात अनेक शेतकऱ्यांनी रोपवाटिकेलाच आपली शेती मानले आहे. परंतु रोप विकले गेले म्हणजे पीक पदरात पडले, ही समजूत घातक होय. ग्राहकाच्या घरी महिनाभरात मेलेले रोप पुढची गिऱ्हाइकेही घेऊन जाते. शेफ्लेराच्या बाबतीत तर हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे.

शेफ्लेराच्या एका देठावर छत्रीच्या काड्यांप्रमाणे पर्णिका पसरलेल्या असतात. कुंडीस योग्य अशी ठेंगणी जात अर्बोरिकोला ही मूळची तैवान व चीनमधील हैनान बेटावरील आहे. २०२० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला हेप्टाप्लूरम या प्रजातीत घातले असले, तरी बाजारात शेफ्लेरा हेच नाव रूढ आहे. हे झाड काटक आहे, कमी उजेड सोसते व छाटणी मानवते. असे असूनही ते घरोघरी मरते, आणि बहुतेक वेळा तहानेने नव्हे, तर पाण्याने मरते.

शेतातील जादा पाणी खोल जमिनीत उतरते. कुंडीतील पाण्यास तशी वाट नसते. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. त्यामुळे पाने पिवळी पडून गळतात आणि झाड तहानेले दिसते. मालक आणखी पाणी घालतो, व झाडाचा शेवट होतो. म्हणून रोज पाणी घालण्याचा नेम धरू नये. बोट मातीत सुमारे एक इंच खुपसून पाहावे. माती कोरडी लागली तरच, तळच्या भोकातून वाहीपर्यंत पाणी द्यावे आणि बशीत साचलेले पाणी फेकून द्यावे. पावसाळ्यात हे अंतर आपोआप वाढते.

कुंडीत निव्वळ काळी माती कदापि भरू नये. ती ओली असता चिकट होते आणि वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. दोन भाग पोयटा, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग जाड वाळू हे मिश्रण पुरेसे आहे. तळाशी खडीचा जाड थर घालण्याचा प्रघात आहे. परंतु त्याने निचरा सुधारत नाही, मुळांची जागा मात्र कमी होते. भोकावर एक खापरी उपडी ठेवली म्हणजे झाले.

दहा ते पंधरा सेंटिमीटर लांबीच्या अर्धवट जून फांद्यांची कलमे सावलीत व दमट हवेत रुजतात. गुटीनेही रोपे करता येतात. मात्र उन्हात वाढविलेले रोप एकदम खोलीच्या अंधुक उजेडात नेले की पाने ढाळते. याकरिता विक्रीपूर्वी काही आठवडे ते शेडनेटच्या दाट सावलीत ठेवून, खत व पाणी हळूहळू कमी करावे. या काळात जागा अडते व पैसा थांबतो, म्हणून पुष्कळजण ही पायरी गाळतात. ही काटकसर नव्हे. हे पत गमावणे होय.

उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पानांच्या खालच्या बाजूस लाल कोळी पडतो. पिठ्या ढेकूण व खवले कीडही लागते. पाने ओल्या फडक्याने पुसणे व पाण्याने धुणे हा पहिला उपाय. तेवढ्याने भागले नाही तर निंबोळी तेल वापरावे. शेतावर उरलेले कीटकनाशक घरातील झाडावर फवारणे हा जिवाशी खेळ आहे.

आणखी दोन गोष्टी विक्रेत्याने लपवू नयेत. शेफ्लेराच्या पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते, म्हणून कुंडी लहान मुले व पाळीव जनावरे यांच्या तोंडापासून दूर ठेवावी. आणि अ‍ॅक्टिनोफिला ही मोठी ऑस्ट्रेलियन जात जमिनीत लावल्यास उंच वृक्ष होते. फ्लोरिडा व हवाई येथे ती रानात पसरून उपद्रवी ठरली आहे. ती विहीर, भिंत वा गटार यांच्या जवळ लावावयास देऊ नये.

ग्रामसेवकांनी हा व्यवसाय झटपट पैशाचा मार्ग म्हणून सांगू नये. पहिल्या वर्षी पन्नास कुंड्या पुरेत. त्यांतील किती जगल्या, किती का मेल्या, याची वही ठेवावी आणि मगच संख्या वाढवावी. प्रत्येक कुंडीबरोबर मराठीत छापलेली एक चिठ्ठी द्यावी : उजेड किती, पाणी केव्हा, धोका कोणता. चिठ्ठीस खर्च थोडा येतो. परंतु जगलेले झाड ग्राहकाच्या दारात रोपवाटिकेची साक्ष देत वर्षानुवर्षे उभे राहते.