करमरकर एका ओळीत
ऑपरेशन्स रिसर्चच्या पेपरात सिम्प्लेक्स (मर्यादांत बसणारं सर्वोत्तम उत्तर शोधायची रीत) आलं की आमची मुलं खूश. तक्ता आखा, आकडे भरा, मार्क खिशात! डँट्झिगची ही 1947ची रीत उत्तमच. ती शक्य उत्तरांच्या आकृतीच्या कडेकडेने, कोपऱ्यामागून कोपरा गाठत उत्तर शोधते. आयआयटी मुंबईत शिकलेल्या नरेंद्र करमरकरांनी 1984 मध्ये, बेल लॅब्जमध्ये असताना, थेट त्या आकृतीच्या आतून वाट काढली. बेल लॅब्जची मालक कंपनी एटी अँड टीने 1988 मध्ये त्या रीतीवर पेटंटही मिळवलं. गणितावर पेटंट, हे मला आजही पटत नाही.

शिकवताना मात्र आम्ही करमरकरांना एका ओळीत उरकतो. त्यापेक्षा एखाद्या एसटी आगाराच्या ड्युट्या मुलांपुढे टाका: चालक, वाहक, विश्रांती, मुक्कामी गाड्या. हातातला तक्ता पहिल्याच तासाला तोकडा पडेल.