चैन नव्हे, आवड



‘विदेशी बँडसाठी मुंबई गाठणे ही नुसती चैन’ हे आपल्याकडील पत्र वाचले. अजिबात पटले नाही. 19 जानेवारी 2025 ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले बँड ऐकायला मी परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने गेलो, शिकवण्यांच्या पैशांतून. ‘यलो’ हे गाणे सुरू झाले आणि हजारो मनगटांवरचे पट्टे एकदम पिवळे उजळले. शेजारचे अनोळखी काका डोळे पुसत गात होते. संत जनाबाईंच्या गंगाखेडात रात्र-रात्र उभ्याने कीर्तन ऐकणाऱ्यांच्या नातवंडांना गाण्याचे वेड लागले, यात वावगे काय? पत्रलेखकांनी त्यापेक्षा परभणीत उत्तम ध्वनियंत्रणेचे खुले नाट्यगृह मागावे. त्या मागणीवर पहिली सही माझी.

– एक वाचक, गंगाखेड