सायकलीची पेटी आणि खेळाडूचा खिसा

विमानातून सायकल न्यावयाची तर ती कोणत्या पेटीत घालावी, हा प्रश्न भंडारा जिल्ह्यातील वाचकास प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. धानाचा भाव, गोसेखुर्दचे पाणी आणि पितळी भांड्यांच्या धंद्याला लागलेली ओहोटी हे ज्या जिल्ह्याचे नित्याचे विषय, तेथे सायकलीच्या विमानप्रवासाची काळजी कोणी वाहावी? तथापि या वरकरणी किरकोळ प्रश्नामागे एक मोठा प्रश्न दडलेला आहे. अंगी कस असलेल्या, परंतु खिशाने बेताच्या खेळाडूला जगाच्या मैदानापर्यंत पोहोचू द्यावयाचे की घराच्या उंबरठ्यावरच अडवावयाचे, हा तो प्रश्न होय.

दीर्घ पल्ल्याची सायकलस्वारी हा आता मराठी माणसाला अपरिचित प्रांत राहिलेला नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका खंड ओलांडणारी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत जोडीने पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली तीच सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पार पाडली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ साली सुमारे २९,००० किलोमीटर सायकल हाकून पृथ्वीप्रदक्षिणा केली. या साऱ्यांच्या पायांतील बळाचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण समुद्र काही सायकलीने ओलांडता येत नाही. प्रत्येकाला केव्हा ना केव्हा आपले वाहन सुटे करून विमानाच्या पोटात घालावे लागले, ही गोष्ट कौतुकाच्या भरात कोणाच्या ध्यानी येत नाही.

आता नजीकचा प्रसंग घ्या. पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी १,२०० किलोमीटरची सायकलयात्रा दर चार वर्षांनी ऑगस्ट महिन्यात भरते. मागील २०२३ साली झाली, पुढील २०२७ साली व्हावयाची आहे. तिच्यात पहिला-दुसरा नंबर नाही. जास्तीत जास्त ९० तासांत अंतर कापावयाचे, एवढीच परीक्षा. त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या फेऱ्या ठरावीक वेळेत पूर्ण करणाऱ्यास तिचे दार उघडते. ही पात्रता पैशाने मिळत नाही. तुमसरचा शिक्षक, जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीतील कामगार किंवा साकोलीची एखादी महाविद्यालयीन मुलगी ती मुंबईच्या धनिकाइतक्याच हक्काने मिळवू शकते. मात्र पात्रता मिळाली की पैशाचे राज्य सुरू होते. तिकीट आणि व्हिसा यांचे खर्च टळण्यासारखे नाहीत. पेटीचा खर्च मात्र बव्हंशी टाळता येतो, आणि नेमका तोच अज्ञानापोटी आणि भीतीपोटी डोईजड होऊन बसतो.

बाजारात या कामाची तीन साधने मिळतात. पहिली कडक कवचाची पेटी. नामांकित विदेशी पेटीची किंमत सहज पन्नास हजार रुपयांच्या पुढे जाते. म्हणजे जेवढ्यात एक बऱ्यापैकी सायकल यावी, तेवढे पैसे तिच्या वेष्टनाला. दुसरी जाड अस्तराची मऊ पिशवी. ती काही हजारांपासून मिळते. तिसरे साधन म्हणजे पुठ्ठ्याचे खोके. गिअरच्या सायकली दुकानदाराकडे अर्धवट जुळवलेल्या स्थितीत अशाच खोक्यातून येतात. सायकल बाहेर काढली की खोके अडगळीत किंवा रद्दीत जाते. ओळखीच्या दुकानदाराकडून ते फुकट, नाहीतर नाममात्र पैशांत मिळते.

महागडी पेटी अधिक सुरक्षित, असा आपला साधा हिशेब असतो. तो सर्वस्वी खोटा नाही, पण अपुरा आहे. कारण विमानात किमतीखेरीज वजनही मोजले जाते. आंतरराष्ट्रीय प्रवासात साध्या वर्गाच्या एका नगाला सामान्यतः २३ किलोची मर्यादा असते, आणि ३२ किलोंहून जड नग बहुतेक विमान कंपन्या स्वीकारीतच नाहीत. कार्बनची महागडी सायकल आठ किलोंची असते. तिला अकरा किलोंची कडक पेटी चढवली तरी बेरीज एकोणिसाच्या आतबाहेर राहते. बेताच्या कमाईच्या माणसाची पोलादी किंवा साध्या अॅल्युमिनियमची सायकल चौदा किलोंपर्यंत जाते. तीच पेटी तिला घेतली तर पंचवीस किलो भरतात आणि वाढीव वजनाचे पैसे मोजावे लागतात. याउलट खोके चार किलोंचे धरले तर एकूण अठराच किलो होतात आणि बूट, कपडे, हत्यारे यांना पाच किलो उरतात. तात्पर्य, कडक पेटी गरीब खेळाडूला दोनदा दंड करते, एकदा दुकानात आणि एकदा विमानतळावर.

देशांतर्गत प्रवासात तर १५ किलोंचीच सवलत असल्याने हा हिशेब अधिकच कठोर होतो. तेथे रेल्वेच्या पार्सल डब्याचा विचार आधी करावा हे उत्तम.

सायकल मोडते कशी, हे समजून घेतले तर पेटीविषयीची भीती पुष्कळशी ओसरते. खोके आडवे पडून त्यावर दुसरे सामान लादले गेले की पुढच्या चिमट्याची आणि मागच्या त्रिकोणाची मोकळी टोके दाबली जातात. त्यांच्यामध्ये आडवा तुकडा बसवला की हे संकट टळते. नव्या सायकलीसोबत असा प्लास्टिकचा तुकडा येतोच आणि दुकानदार तो फेकून देतो. तो मागून घ्यावा. दुसरी दुखरी जागा मागच्या गिअरची. त्याला धरणारा हँगर मुद्दाम कच्चा केलेला असतो आणि बाजूने आलेल्या धक्क्याने वाकतो. म्हणून गिअर सोडवून, कापडात गुंडाळून सांगाड्याच्या आत बांधावा आणि एक जादा हँगर जवळ ठेवावा. डिस्क ब्रेकच्या चकत्या काढून निराळ्या गुंडाळाव्यात आणि ब्रेकच्या दोन पॅडांमध्ये पुठ्ठ्याची घडी सारावी. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, हे विसरून जोर लावणाऱ्याच्या हाती आटा तुटलेला क्रँक येतो. नळ्यांना गुंडाळावयास वातानुकूलन यंत्राच्या नळीवर चढवतात ती काळी फोमची नळी पुरते. भंडाऱ्यातील कोणत्याही फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात ती मिळेल. विमानाचा सामानकक्षही हवेच्या दाबाखालीच असतो, त्यामुळे टायर फुटण्याचे भय निराधार आहे. नियमाखातर थोडी हवा सोडावी, सगळी सोडू नये. उरलेली हवा रिमचे रक्षण करते.

एवढी निगा घेतलेली सायकल पुठ्ठ्यातही सुखरूप जाते, आणि निगा न घेतलेली सायकल पन्नास हजारांच्या पेटीतही वाकते. संरक्षण आतल्या बांधणीत असते. बाहेरचे कवच त्या बांधणीला साथ देते, एवढेच.

अर्थात पुठ्ठ्याच्या मर्यादाही झाकून ठेवू नयेत. लुधियानाहून निघालेली सायकल पुठ्ठ्यातच भंडाऱ्याला येते हे खरे, पण तेव्हा ती आपल्यासारख्याच खोक्यांच्या रांगेत दाटीने उभी असते. विमानतळावर ती एकटी असते आणि तिला कोणी कसेही टाकू शकतो. शिवाय ऑगस्टात निघणाऱ्याला आपल्याकडचा पावसाळा चुकत नाही, आणि भिजलेल्या पुठ्ठ्यात राम राहत नाही. म्हणून तळाला आणि कोपऱ्यांना दुसरा पुठ्ठा चिकटवावा आणि वर जाड प्लास्टिक घालावे. कार्बनच्या सांगाड्याचा मालक वर्षातून चारदा परदेशी जात असेल तर त्याने खुशाल कडक पेटी घ्यावी. आयुष्यात एकदा किंवा दोनदा जाणाऱ्याने ती घेऊ नये, एवढाच आमचा आग्रह आहे. आणखी एक गोष्ट. प्रवास एका गावी संपून परतीचे विमान दुसऱ्या गावाहून असेल तर कडक पेटी कोठे ठेवणार? खोके टाकून देता येते आणि परतताना तेथील दुकानातून दुसरे मागून घेता येते.

भंडाऱ्याच्या प्रवाशापुढे आणखी एक अडचण असते. त्याच्या पेटीची कसोटी विमानापूर्वीच सुरू होते. नागपूरचा विमानतळ येथून साठ-पासष्ट किलोमीटर दूर, भंडारा रोड स्थानक शहराबाहेर वरठीला, आणि सव्वा मीटर लांबीचे खोके एसटीत कोठे ठेवावयाचे हा वाहकाच्या कृपेचा विषय. यावर एक सोपा तोडगा आहे. ज्याला बाराशे किलोमीटर जावयाचे आहे त्याला नागपूर दूर नाही. त्याने आदल्या दिवशी सायकल चालवीतच नागपुरास जावे, बाकीचे सामान एसटीने न्यावे आणि खोके तेथील दुकानातून घेऊन नातलगाच्या ओसरीवर बांधणी करावी. गोंदियाजवळील बिरसी येथून २०२२ साली प्रवासी विमानसेवा सुरू झाली. अशा छोट्या विमानतळांवर येणाऱ्या लहान विमानांच्या सामानकक्षाचे दार लहान असते. तेव्हा मापे कळवून होकार घेतल्याखेरीज तेथून तिकीट काढू नये. मोठ्या विमानांच्या बाबतीतही तेच करावे. लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटर हे नेहमीच्या नगाचे माप, आणि सायकलीचे खोके २३५ पर्यंत भरते. क्रीडासाहित्य म्हणून सवलत मिळते, पण ती आगाऊ मागावी लागते.

स्वस्ताईच्या नादात कोठे थांबावयाचे, हेही कळले पाहिजे. धानाच्या जिल्ह्यात तणसाला तोटा नाही. मात्र ते परदेशी जाणाऱ्या खोक्यात कदापि भरू नये. किडीच्या भयाने अनेक देश असा माल अडवतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड तर टायरला लागलेला चिखलही तपासतात. सुताराकडून कच्च्या लाकडाची पेटी करून घेणेही व्यर्थ, कारण तशा लाकडावर कीडनिवारक प्रक्रियेची अट असते आणि वजनाने ती कडक पेटीवरही ताण करते. दिव्यांचे सुटे बॅटरी संच आणि पॉवर बँक खोक्यात न घालता हातातील सामानात न्यावेत.

इतके करूनही नुकसान झालेच तर विमानतळ सोडण्यापूर्वी खोके उघडून पाहावे आणि तेथेच लेखी नोंद करावी. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेल्या माँट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार सामान हाती आल्यापासून सात दिवसांत झाली पाहिजे. भरपाईची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर, म्हणजे दीड लाख रुपयांहून अधिक आहे. देशांतर्गत प्रवासात ती वीस हजार रुपयेच आहे. सामानाच्या स्वतःच्या दोषामुळे झालेल्या नुकसानीला कंपनी जबाबदार नसते, आणि बांधणी कच्ची असल्याचे कारण याच आधारे पुढे केले जाते. म्हणून बांधणीच्या प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढून ठेवावे.

येथवर व्यक्तीने काय करावे ते झाले. समाजानेही काही करावयास हवे. गावात लग्नकार्य निघाले की पंक्तीची मोठी पातेली आणि घंगाळी कोणी विकत घेत नसे. देवळाची किंवा गावकीची भांडी आणावयाची आणि घासूनपुसून परत करावयाची, ही आपली रीत. पितळेसाठी नावाजलेल्या भंडाऱ्याला ती सांगावयास नको. सायकलीची पेटीही अशाच जातीची वस्तू आहे. ती वर्षातून पंधरा दिवस लागते आणि उरलेले साडेअकरा महिने माळ्यावर धूळ खाते. दोन मऊ पिशव्या आणि एक कडक पेटी जिल्हा क्रीडा संकुलात ठेवून अनामत रकमेवर खेळाडूंना दिली, तर संबंध जिल्ह्याची गरज भागेल. पिशव्या परदेशी घेण्याचेही कारण नाही. दप्तरे, सीट कव्हरे आणि धानावर घालावयाच्या ताडपत्र्या शिवणारे हात येथे आहेत. माप दिले, फोमचे अस्तर आणि मजबूत पट्टे यांची नीट समज दिली, तर ते चांगली पिशवी शिवू शकतील. विमान कंपन्यांनीही सायकलीचे शुल्क, माप आणि अटी तिकिटाच्या वेळीच सोप्या मराठीत व हिंदीत सांगाव्यात. खिडकीवर उभ्या असलेल्या खेळाडूला ऐनवेळी नवा दर ऐकवणे हा अन्याय आहे.

२०२७ च्या ऑगस्टला फार अवधी उरलेला नाही. क्रीडा खात्याला मैदाने बांधावयास निधी लागतो, वर्षे लागतात. तीन पेट्यांना एका बैठकीतला ठराव पुरेसा आहे. तो जिल्ह्याने आताच करावा. पायांनी पात्रता मिळवलेला एकही तरुण किंवा तरुणी केवळ वेष्टनापायी मागे राहता कामा नये.