मापाला दिलेला ब्लाऊज

नवा ब्लाऊज शिवायला टाकताना आपण शिंप्याला मापाचा जुना ब्लाऊज देतो. तो त्यावर टेप धरतो, बाही मोजतो, गळा बघतो. नवा कसाही होवो, जुना दिला तसा परत मिळणार हे धरूनच आपण घरी येतो. आणि त्याने जुनाच उसवून बाही वाढवली तर? "लांब बाही हवी होती ना, ताई?" हे उत्तर कुणी ऐकून घेईल का? डेटाबेसचा कोड लिहिणाऱ्या मुलामुलींना माझं हेच सांगणं आहे. फंक्शनला दिलेली वस्तू मापाची असते, ती उसवू नका.

उदाहरणाला जपानची रुबी घेते. शिमाने प्रांतातल्या मात्सुए शहरात राहणाऱ्या युकिहिरो मात्सुमोतो यांची ही भाषा. 21 डिसेंबर 1995 ला त्यांनी ती लोकांपुढे ठेवली, आणि तिची नवी आवृत्ती दरवर्षी नाताळच्या दिवशी येते. जावात एकदा तयार झालेली स्ट्रिंग बदलत नाही. रुबीत मात्र ती जागच्या जागी बदलता येते. सोय मोठी आहे, आणि घात तिथेच होतो.

जपानी लोक नववर्षाला नेंगाजो, म्हणजे शुभेच्छांची कार्डं पाठवतात. पत्त्यावर नावाच्या मागे 'सामा' लिहायचं, आपण पुढे 'श्री.' लिहितो तसं. समजा, एका दुकानाला सगळ्या ग्राहकांना कार्डं धाडायची आहेत. पत्ता छापणारं फंक्शन ग्राहकाची नोंद घेतं आणि नावाला 'कॉन्कॅट'ने 'सामा' जोडतं. छपाई झकास होते. मग पुढची एक ओळ त्याच नोंदीवर 'कार्ड पाठवलं' असा शेरा मारते आणि नोंद सेव्ह करते. रुबीवर उभं असलेलं रेल्स सेव्ह करताना काय काय बदललंय ते तपासतं, आणि 2014 च्या डिसेंबरात आलेल्या 4.2 आवृत्तीपासून त्याला जागच्या जागी झालेला बदलही कळतो. त्यामुळे शेऱ्याबरोबर नावही डेटाबेसात जातं. तानाका आता कायमचे 'तानाका सामा'. पुढच्या वर्षीच्या कार्डावर 'तानाका सामा सामा'. एवढा मान जपानातही कुणी देत नाही! चूक शोधणारा बिचारा सेव्हच्या ओळीपाशी तासन् तास बसतो. ती ओळ निर्दोष असते.

दुसरा प्रकार जास्त महागात पडतो. शोधाच्या अटी एका हॅशमध्ये आहेत: शहर, वर्ष, पान क्रमांक. एकूण नोंदी मोजणाऱ्या फंक्शनला पान नको असतं, म्हणून ते 'डिलीट' करून पान काढून टाकतं. नंतर तोच हॅश यादी आणणाऱ्या फंक्शनकडे जातो. त्याला पानच दिसत नाही, म्हणून ते सगळंच्या सगळं टेबल उपसून आणतं. आपल्या लॅपटॉपवर वीस नोंदी असतात, तिथे काहीच जाणवत नाही.

वस्तू सामायिक आहे हे विसरलं की काय होतं, ते 2023 मध्ये कावासाकी शहरात दिसलं. तिथे कन्व्हिनिअन्स स्टोअरमधल्या यंत्रावर सरकारी दाखले मिळतात. दोन दुकानांतून दोन माणसांनी जवळजवळ एकाच क्षणी अर्ज केले, नंतरच्या अर्जाने आधीच्यावर कुरघोडी केली आणि एकाचा दाखला दुसऱ्याच्या हातात पडला. तिथे फंक्शनच्या अर्ग्युमेंटचा प्रश्न नव्हता, हे खरं. पण 'ही वस्तू फक्त माझीच' ही समजूत तीच.

रुबीवाले म्हणतील, आमच्याकडे उद्गारचिन्ह आहे की! 'मर्ज' नवा हॅश देतं, 'मर्ज'पुढे उद्गारचिन्ह लावलं की हातातलाच हॅश बदलतो. रीत छान आहे, पण तिच्यावर विसंबू नका. 'डिलीट', 'कॉन्कॅट', 'क्लिअर' ही तिन्ही जागच्या जागी कापाकापी करतात आणि एकाच्याही नावाला उद्गारचिन्ह नाही. चिन्ह फक्त जोडीतलं जास्त जपून वापरायचं कोणतं ते सांगतं.

तेव्हा पान नको असेल तर 'एक्सेप्ट' वापरा. ते पान वगळून नवा हॅश देतं आणि मूळ हॅशला हात लावत नाही. नावाला 'सामा' जोडायचं तर नवी स्ट्रिंग बनवा. मेमरी जास्त लागते, अशी कुरकुर होईलच. पत्त्याच्या एका ओळीला कितीशी मेमरी लागते? मोठमोठ्या फायली हाताळताना जागच्या जागी बदल करणं योग्यही असतं, पण मग फंक्शनच्या नावातच ते कळू द्या आणि बोलावणाऱ्याला आधी सांगा.

कोडमध्ये लिहिलेल्या स्ट्रिंग गोठवण्याची सोय रुबीत 2015 च्या नाताळापासून आहे, फायलीच्या माथ्यावर एक ओळ लिहायची. बाहेरून आलेल्या वस्तूंना मात्र ती लागू होत नाही. त्यांच्यासाठी मी चाचणीत अर्ग्युमेंट 'फ्रीझ' करूनच फंक्शनला देते. कुणी उसवायला गेलं की कोड त्याच ओळीवर एरर देऊन थांबतो, शोधाशोध करावी लागत नाही. फक्त 'फ्रीझ' काय आणि प्रत काढणारं 'डुप' काय, दोन्ही वरवरचीच. हॅशच्या आत शहरांची यादी असेल, तर तीही वेगळी गोठवावी लागते.