पाहुण्यांचा सोफा, सासूबाईंची खुर्ची



सासूबाईंनी दुपारनंतर पाणी पिणं सोडलं. मला वाटलं, काही नियम घेतला असेल. कारण वेगळंच होतं. बाथरूमला जायचं तर सोफ्यावरून उठवायला कुणाला तरी हाक मारावी लागायची, त्याचा त्यांना संकोच.

म्हणून बटण दाबलं की मोटरने बैठक वर येऊन पुढे कलते आणि माणसाला उभं राहायला मदत करते, अशी रिक्लायनर खुर्ची घ्यायची ठरवली. लगेच नातेवाईक म्हणाले, "एवढा खर्च? आळशी होतील!"

आळशी? दिवसभर अडकून बसलेलं माणूस आपलं आपण उठून चार पावलं चालतं, याला आळस म्हणायचं? पाहुण्यांसाठी खोल, मऊ सोफा घेतला तेव्हा कुणी हिशेब मागितला नाही. मी बी.कॉम. आहे. वर्षातून चारदा लागणारी वस्तू आणि रोज दहादा लागणारी वस्तू, यातली महाग कुठली ते मला कळतं.

वैयावृत्त्य हे आपल्या सहा आभ्यंतर तपांपैकी एक. प्रवचनात त्यावर माना डोलावतो आणि घरी येऊन किंमत विचारतो!

घेताना दोनच गोष्टी बघा. बसल्यावर पाय जमिनीला टेकतात ना? वीज गेली तर बॅटरी आहे ना? आणि बटण त्यांच्याच हातात द्या.